पात्यासाठी इटालियन भविष्यकाळ

मिरची दळायच्या माझ्या इटालियन मशीनचं पातं तुटलं, तेही पेढीसमोरच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानावर, लाल मिरची वाळत पडलेली असताना. नवं पातं कधी, विचारलं की कंपनीचा मुंबईचा एजंट रोज एकच शब्द ऐकवायचा, "येईल." हातगाडीपासून पेढीपर्यंत मी स्वतःच्या जिभेवर आलोय. म्हटलं, मधला माणूस काढून टाकू. इटलीशी आपणच बोलू, आणि तेही त्यांच्याच भाषेत.

माझी मुलगी मोबाइलवर हौसेनं इटालियन शिकलेली. ती म्हणाली, "पप्पा, आधी वर्तमानकाळ शिका."

"मशीन बंद शे, हाउ वर्तमानकाळ माले म्हाईत शे. फुढलं सांग!"

तिनं 'पाठवणे'चा भविष्यकाळ म्हणून दाखवला : मान्देरो, मान्देराई, मान्देरा, मान्देरेमो, मान्देरेते, मान्देरान्नो. एका कामाला सहा रूपं! मी घासाघीस केली. 'मी पाठवीन' कशाला? मला काहीच पाठवायचं नाही. 'ते पाठवतील' म्हणजे तर एजंटचं 'येईल'च. शेवटी दोनावर सौदा पटला : मी विचारायचं 'तुम्ही पाठवाल', त्यांनी म्हणायचं 'आम्ही पाठवू'.

पेढीवरूनच व्हिडिओ कॉल लावला, मशीनच्या कंपनीच्या बाई आल्या. मी दणक्यात विचारलं, "क्वान्दो मान्देरेते?" कधी पाठवाल?

बाई खूश झाल्या. "मान्देरेमो प्रेस्तो!"

"लवकरच पाठवू म्हणताहेत," मुलगी म्हणाली.

म्हणजे पुन्हा 'येईल'च! माझं डोकं फिरलं. आमच्या बाजारात सौदा पटला नाही की उठायचं, चपला घालायच्या आणि चालू लागायचं. समोरचा हाक मारतोच, "ओ शेठ, या, बसा!" मीही उठलो, चपला घातल्या आणि तरातरा बाहेर पडलो. पथारीपाशी मुद्दाम हळू चाललो. हाक काही येईना.

शेजारचा व्यापारी ओरडला, "काय शेठ, सोतानी पेढीवरतून रुसीसन चालनात का?"

तेव्हा लक्षात आलं, की बाई इटलीत बसल्यात आणि दुकान माझं आहे.

मान खाली घालून परतलो. मुलगी हसत होती. "तुम्ही एकदम गायब झालात, त्यांना वाटलं तुम्हाला चक्कर आली. घाबरल्या बिचाऱ्या. पातं उद्याच विमानानं निघतंय."

"आणि मला बोलावलं नाही?"

"म्हणाल्या, वडिलांना झोपू द्या."

पातं आलं, बसलं, मिरची दळली गेली. एजंटची कटकटही सुटली. पण एवढा उठून गेलो, आणि कोणी "शेठ, या" म्हटलं नाही, ते अजून खुपतं.