माफीचा रकाना

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे क्लचबाई म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडे. तिच्या शेजारी स्टिअरिंगवर बसलेल्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी ऐकलेला पहिला शब्द तोच असे. क्लच. थोड्या वेळाने पुन्हा क्लच. मग जरा वरच्या पट्टीत, पण न रागावता, जसं झोपलेल्या माणसाला उठवावं तसं, क्लच. तिच्या पायाशी जादाचे क्लच-ब्रेक बसवलेले होते, त्यामुळे शिकणारा गांगरला तरी गाडी गांगरत नसे.

त्या गाडीत एका शब्दाला मात्र बंदी होती. शिकाऊ माणसाची खोड अशी, की गाडी बंद पडली की तो दोन्ही हात उचलतो, बाईकडे वळतो आणि म्हणतो, माफ करा हं. तेवढ्यात मागून ट्रक येतो. सुरुवातीला बाई म्हणायची, माफी नंतर मागा, आधी ब्रेक दाबा. पुढे ती म्हणायला लागली, नंतरही मागू नका. शिकताना माणूस चुकणारच, त्यात माफी कसली? हळूहळू हा नियम घरातही शिरला. तिच्या घरात कुणी कुणाची माफी मागत नसे. भांडण झालं की नवरा चहा टाके, आणि जो आधी कप उचलेल तो हरला असं समजायचं.

ड्रायव्हिंग स्कूल मुळात नवऱ्याचं. लग्नानंतर त्याने बायकोला गाडी शिकवली ती केवळ हौस म्हणून. मग त्याची पाठ गेली, तासन्‌तास बसवेना, आणि शिकायला येणाऱ्या बायकाही विचारू लागल्या, आज बाई नाहीत का? त्याने काही वाईट वाटून घेतलं नाही. तो स्वयंपाकघरात आणि फोनवर गेला, बाई रस्त्यावर आली, आणि दोन्हीकडचा कारभार सुधारला. भाजी तर फारच सुधारली.

गाडी एकच. गाडी म्हणजेच स्कूल.

उलटी गाडी घ्यायचा सराव करायला बाई शिकाऊंना विद्यापीठाच्या आवारात नेई. सरकारी विद्यापीठ, अफाट मोठं. रस्ते रुंद, दुतर्फा झाडं, सुटीच्या दिवशी चिटपाखरू नाही. तिथलं प्रत्येक वळण तिला पाठ होतं. एकाही इमारतीच्या पायऱ्या मात्र ती कधी चढली नव्हती. लेक लहान असताना मागच्या सीटवर बसून यायची. सराव चालू असताना ती खाली उतरे आणि बांधकामाच्या कडेचे दगड खिशात भरून आणी. तांबडे, चकाकणारे, रेघारेघांचे. धुवायला टाकलेल्या प्रत्येक फ्रॉकमधून खडे निघत, म्हणून बापाने तिचं नाव गोटी ठेवलं. आता गोटी बापाच्या खांद्याला लागत होती आणि तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. म्हणजे दगडच, बाप म्हणाला, फक्त आता खिशाऐवजी दप्तरात.

अर्ज भरायला मायलेकी उन्हाळ्यात एका संध्याकाळी बसल्या. गोटी मोठ्याने वाचत होती, आई पाय चेपत उत्तरं देत होती. नाव झालं, पत्ता झाला, घरची कमाई झाली. मग गोटीने वाचलं, शुल्कमाफीसाठी अर्ज करायचा आहे का?

"कसली माफी?" आईने विचारलं.

गोटी म्हणाली, फी कमी करतात वाटतं. पण मैत्रीण सांगत होती की अशी मागणी केली की जागा मिळायची शक्यता कमी होते. खरं-खोटं त्या मैत्रिणीलाही माहीत नव्हतं. बाईला मात्र दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. दिवसभर ती लोकांना हेच सांगत आली होती. आपण काही गुन्हा केलाय का, माफी मागायला? मुलगी हुशार आहे, घेतील तर घेतील. 'नाही' लिही.

गोटीने 'नाही'वर खूण केली.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा बाई एका दातांच्या डॉक्टरणीला चढावर गाडी उचलायला शिकवत होती. डॉक्टरणीचा हात लोकांच्या तोंडात अजिबात कापत नसे, गिअरवर कापे. फोन वाजला. तासाला फोन घ्यायचा नाही हा बाईचाच नियम. पण तो वाजतच राहिला, आणि तिने उचलला.

"आई, लागलं माझं," गोटी म्हणाली.

बाईने फोन कानाला तसाच धरला आणि पायाशी असलेला क्लच विसरली. गाडीने एक उसळी मारली आणि ती चढावर मधोमध बंद पडली. मागचे भोंगे वाजवू लागले. डॉक्टरीण "मा..." म्हणाली आणि तिने जीभ चावली. बाई हसत होती आणि रडत होती, आणि खिडकीतून मान काढून मागच्या ट्रकवाल्याला सांगत होती की माझ्या मुलीला विद्यापीठात जागा मिळाली. ट्रकवाल्याने भोंगा थांबवला. मग पुन्हा वाजवला, पण या वेळी वेगळ्या तालात.

घरी तिघंही त्या कागदांवर वाकली. बापाने चष्मा लावून थेट शेवटची ओळ वाचली, एकूण अंदाजित वार्षिक खर्च, आणि तो खुर्चीत बसला. बाईने आकडा पाहिला आणि तीही बसली. गोटीच तेवढी उभी राहिली. ती म्हणाली, अहो बाबा, ही फी नाही. लांबून येणाऱ्याला वर्षभर काय खर्च येईल त्याचा अंदाज आहे हा. यात वसतिगृह आहे, जाणं-येणं आहे, कपडे आहेत. बापाने पुन्हा वाचलं.

"जेवणाचेही धरलेत की," तो म्हणाला. "मग मीही बिल लावतो तुला."

एकेक ओळ खोडत गेली तसा जीव भांड्यात पडत गेला. खोली नको, घर आहे. बस नको, आई त्या वाटेनेच जाते. उरली ती शिक्षणाची फी. ती काही खोडता येईना, आणि ती पूर्णच होती. जागा पक्की करायची मुदत त्या आठवड्यापुरतीच. कर्ज काढायचं तर तारण काय देणार? तीच गाडी.

म्हणून मग बाईने समोरच्या स्कूलच्या मालकाला फोन केला. त्यांच्या मिशा गाडीच्या आरशात मावत नसत, म्हणून सगळे त्यांना मिशीवाले म्हणत. गाडीवर त्यांचा डोळा होताच. ते म्हणाले, बाई, गाडी घेतो, आणि तुम्हीही या आमच्याकडे शिकवायला. शुक्रवारी सकाळचा तास संपला की पैसे घेऊन येतो. बाईने हो म्हटलं. गोटीला काही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने चहा टाकला, आणि कप दोघांनीही उचलला नाही.

शुक्रवारी सकाळी डॉक्टरणीचा तास होता. बाईने तिला सांगून टाकलं की या गाडीतला हा आपला शेवटचा तास. पुढच्या वेळी समोरच्या स्कूलमध्ये या. का, कशासाठी, हेही सांगितलं, कारण आनंद आणि काळजी दोन्ही तिच्या पोटात मावत नव्हती. डॉक्टरणीने इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, आणि गाडी अगदी नीट कडेला लावली. आजवर तिला हे एकदाही जमलं नव्हतं.

"बाई, माफीसाठी अर्ज नाही केला?"

बाई म्हणाली, आम्ही कुणाची माफी मागत नाही.

डॉक्टरणीने इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "माझं सगळं शिक्षण त्या माफीवर झालंय. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचं झालंय. माफ करणं म्हणजे फी सोडून देणं हो. सरकारी विद्यापीठ आहे, घरची कमाई पाहून फी ठरवतात. ती कुणाच्या खिशातून उपकार म्हणून येत नाही. आणि त्याचा जागा मिळण्याशी काहीएक संबंध नसतो."

"मग माफी कशाला म्हणायचं त्याला?"

"ज्याने तो शब्द ठेवला, तो तुमच्या गाडीत कधी बसला नसणार."

मुदत आजचीच होती, आणि कचेरी दुपारी बंद व्हायची. बाई म्हणाली, गाडी घराकडे घ्या, आणि तिने घरी फोन लावला. सीट बदलायला वेळ नव्हता, असं तिने नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे स्टिअरिंग हातात घ्यायचा तिला धीर होत नव्हता. नवरा हातातली पळी तशीच घेऊन खाली आला, कमाईचे कागद त्याने खिडकीतून आत टाकले, गोटी केस बांधत मागे बसली, आणि डॉक्टरणीने गाडी भर बाजारातून काढली. बाई एकदाही क्लच म्हणाली नाही. तिला सुचलंच नाही. एका चौकात गोटीच म्हणाली, क्लच, आणि तिघी हसत सुटल्या.

विद्यापीठाच्या आवारात बाईने डोळे मिटूनही वळणं सांगितली असती. पण प्रवेशाची कचेरी कुठल्या दारातून, हे तिला ठाऊक नव्हतं. विचारत विचारत त्या एका लांबलचक दिवाणखान्यासारख्या खोलीत पोचल्या. खिडक्यांची रांग, प्रत्येकीपुढे लोक, आणि त्यांच्या खिडकीमागे डब्याचं झाकण लावत असलेली एक कारकून बाई. तिने कागद पाहिले. 'नाही' लिहिलंय तुम्ही, ती म्हणाली. बाईला वाटलं, संपलं.

"फी भरलीत का?" कारकून बाईने विचारलं.

गोटी म्हणाली, नाही.

"बरं झालं. एकदा भरली की वर्षभर त्या रकान्याला कुणाला हात लावता येत नाही." तिने एक कोरा कागद पुढे सरकवला. आधी 'नाही' का लिहिलं, त्याचं कारण लिहा, खाली सही.

गोटीचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. मैत्रिणीचं सांगणं, की घरचा नियम? तिने आईकडे पाहिलं. आपल्या हाताखालून शेकडो माणसं गेली, पण आपल्याला स्वतःला काही कळलं नाही असं बाईने आजवर कुणासमोर कबूल केलेलं नव्हतं. आवाज लहान करायची तिला सवय नव्हती, त्यामुळे पलीकडच्या खिडकीवरच्या माणसांनीही ऐकलं.

"लिही, आईला शब्द कळला नाही."

कारकून बाईने मान वर केली. ती म्हणाली, तुम्हीच नाही हो पहिल्या. गेल्या वर्षी एकाच्या वडिलांनी लिहिलं होतं, आमच्यावर कुठलाही खटला नाही. मग तिने कमाईचे कागद उलटेपालटे करून पाहिले, रकान्यातली खूण बदलली, शिक्का मारला आणि सांगितलं की शिक्षणाची फी माफ. आज फक्त प्रवेशाचे आणि अनामतीचे पैसे भरायचे, आणि अनामत शेवटी परत मिळते.

परत म्हणजे परतच ना, असं बाईने पुन्हा पुन्हा विचारलं. मग पर्स उघडली. त्यात होते तेवढ्यात भागलं.

गोटीला ओळखपत्राच्या फोटोसाठी पलीकडच्या टेबलावर बसवलं. हसू नका, फोटोवाला सांगत होता, आणि तिला ते जमत नव्हतं. बाईचा फोन वाजला. मिशीवाले होते. ते म्हणाले, पैशांची सोय झाली, गाडी बघायला येऊ का? बाई म्हणाली, गाडी मिळायची नाही. आणि मग तिला थांबताच येईना. दगडांचंसुद्धा शिक्षण असतं हे तुम्हाला माहीत आहे का, पर्वत कसे झाले ते ही मुलगी सांगणार आहे, खोलीचे पैसे धरायचे नसतात, अनामत परत येते, आणि तुमचा धाकटा पुढच्या वर्षी अर्ज भरेल तेव्हा त्या माफीच्या रकान्यात...

"बाई, मी गाडीचं विचारत होतो," मिशीवाले म्हणाले.

"अहो, तेच तर सांगतेय," बाई म्हणाली, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.