'आपल्या' खात्यातले पैसे

चष्मेवाल्याची बायको त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून अख्खी गल्ली तिला 'थोरली' म्हणायची. नाव कुणी पाडलं ते विचारू नका. पाडणाऱ्याने पाडलं आणि तिने ते मिरवलं. नवऱ्याला ती चारचौघांत अरे-तुरे करायची. वर ऐकवायची, "याच्या आधी मी निवृत्त होणार!"

"कशातून गं?" असं कुणी खवचटपणे विचारलंच, तर ती सरळ नवऱ्याकडे बोट दाखवायची.

थट्टेचा भाग सोडा, पण त्यामागे दिलेला शब्द होता. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा नवऱ्याने तिला पडद्यांच्या कारखान्यातली शिलाईची नोकरी सोडायला लावली. "तुझं पेन्शन मी भरीन," तो म्हणाला. कमावणाऱ्याने घरी बसलेल्या जोडीदाराच्या नावाने भरलं तरी चालतं, हे त्यानेच कुठूनसं ऐकून आणलं होतं. पुढे दर महिन्याला जेवताना तो सांगायचा, "आपल्या खात्यात टाकले बरं का." की थोरली खूश! ताटात न मागता वाढ.

साठी भरली तशी ती ठेवणीतले कपडे घालून पेन्शनच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या बाईने बराच वेळ संगणकात डोकं खुपसलं.

"मावशी, तुमच्या नावाने खातंच नाही."

"नीट बघा हो. नवरा भरतोय माझा."

"भरतायत ना. नियमित भरतायत. स्वतःच्या खात्यात."

थोरली तिथून थेट दुकानात. तो चष्म्याच्या दांडीला स्क्रू बसवत होता.

"माझं खातं कुठाय?"

"आहे ना आपलं."

"आपलं म्हणजे कुणाचं?"

"आपलं म्हणजे... आपलं. मी कधी 'तुझ्या खात्यात' म्हटलं का? आठवून बघ."

तिने आठवून पाहिलं. खरंच, पहिला शब्द दिला तेवढाच; त्यानंतर एकदाही नाही. ती बापडी 'आपल्या'त स्वतःला धरून बसली होती, आणि हा गडी आपल्यापुरतं बोलत होता. तेही तिने वाढलेलं जेवता जेवता!

"पण का रे?"

"अगं, डोकं लावून बघ. तू मोठी. तुझ्यात टाकून वाढणार किती? आणि पुढे घ्यायला तरी तू..." तो अडखळला.

"हं, बोल. तरी मी काय?"

स्क्रू खाली पडला. पडला की पाडला, देव जाणे. तो शोधायला टेबलाखाली वाकला आणि तिथूनच म्हणाला, "मी आहे ना, तुला काय कमी पडणारे? आणि हे गल्लीत बोलू नकोस हं. लोक हसतील."

म्हणजे आपण आधी जाणार हे यानं केव्हाच ठरवून टाकलंय, हे थोरलीला तिथे, त्याची वाकलेली पाठ बघताना कळलं. ती तडक बाहेर पडली.

समोर लाँड्रीवालीने हाक मारलीच, "काय थोरले, झालीस का निवृत्त? पार्टी कधी?"

मागे दुकानाच्या दारात तो येऊन उभा होता. मानेनेच नको नको म्हणत होता.

"खातंच नाही माझ्या नावाने," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "यानं सगळं स्वतःच्या नावावर भरलं. तुला इस्त्रीला माणूस हवंय का?"

लाँड्रीवाली खदखदून हसली. मग तिने थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि इस्त्रीच्या टेबलावरचा कपड्यांचा गठ्ठा बाजूला सरकवून तिला जागा करून दिली.