एकच माल, दोन ढीग

चहा घेत घेत ऐका. हा माझ्या शहाणपणाचा किस्सा आहे, आणि तो बसूनच सांगितलेला बरा.

कवठे महांकाळच्या बाजूला एका बेदाण्याच्या शेडवर मी मुकादम आहे. शिक्षण आठवी. पण रोजची वही एक दिवस चुकलेली नाही. वारा कुठला, द्राक्षं वाळवायच्या कुठल्या रॅकवर कोणत्या शेतकऱ्याचा माल, कोण उशिरा आलं, सगळं तिच्यात. लोक देवाची शपथ घेतात, मी वही काढतो!

गेल्या हंगामात अनुसयामावशी आपल्या मुलीला, रेखाला, निवडणीच्या कामाला घेऊन आल्या. रेखा तिशीची. डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलेलं. आधी चार ठिकाणांहून घरी पाठवलेलं. का, तर रामराम घालत नाही, बोलताना तोंडाकडं बघत नाही.

"आण्णा," मावशी म्हणाल्या, "ती मान्साकडं बघत न्हाई, पन मालाकडं बघतीया. ह्ये बी काम गेलं तर तिला कुनी दारात उभं करायचं न्हाई."

मी मोठ्या मनानं ठेवून घेतलं. मोठं मन, बरं का!

दुसऱ्याच दिवशी बघतो तर रेखानं एका क्रेटचे दोन ढीग केलेले. दोन्ही हिरवेगार, मला तर जुळे भाऊच वाटले. मी म्हटलं, अगं, काड्या आणि काळे मणी काढायचे, चांगला माल कशाला वेगळा करतेस?

"दोन हायत," ती ढिगांकडंच बघत म्हणाली.

"एकच हाय. वहीत लिवलंय."

"दोन हायत."

मी ढीग एक केले. तिनं परत दोन केले. चार दिवस हाच खेळ. शेवटी तिला खोक्यांना लेबलं चिकटवायला बसवलं, आणि आठवड्यानं मावशींना सांगितलं, उद्यापासून पाठवू नका. मावशींनी डबा उचलला आणि दोघी गेल्या.

मग व्यापारी आला. त्यानं मूठभर बेदाणा तळहातावर पसरला, दोन मणी चावले आणि थांबला. "आण्णा, ह्यात दोगांचा माल हाय. एकाची साल जाड हाय."

मी तावातावानं वही उघडली. अक्षर माझंच, अगदी सुंदर: 'ढग आले. गडबडीत दोघांचे रॅक एकदम उतरवले.' सगळं लिहितो मी. वाचत मात्र नाही.

चाळीस क्रेट. शेडवर एकीलाही ते वेगळे करता येईनात. मुकाट वही घेऊन मावशींचं घर गाठलं.

मावशी दारातच उभ्या राहिल्या. "परत घालवून द्यायला न्यायचं व्हय?"

मी म्हटलं, चूक माझी होती. आतून रेखा आली. "आदी वहीत दोन लिवा."

लिहिलं. तिनं खात्री करायला वही हातात घेतली, मागची पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिला काढलं त्या दिवशी मी लिहिलं होतं: 'समोर असून दिसत नाही. सांगून कळत नाही. हट्टी.' नाव घालायचं तेवढं राहिलेलं.

"ह्ये कुनाचं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी पेन काढलं आणि ओळीपुढं माझं नाव लिहिलं.

"आता बरूबर हाय," ती म्हणाली, आणि चपला घालायला लागली.