दुसऱ्याच्या घरातला दिवा

रत्नागिरीत कोणाचं बिऱ्हाड उठलं आणि कोणाचं बसलं, हे सगळ्यांत आधी आमच्या पडवीत कळायचं. आमच्या ह्यांचा धंदाच तो होता. घर भाड्यानं हवं असो, विकायचं असो, मुंबईला गेलेल्या मालकाचं बंद घर सांभाळायचं असो, लोक ह्यांच्याकडे येत. संध्याकाळी घरी आले की हे पायांवर तांब्याभर पाणी घेत, पडवीत बसत, आणि बातम्या सुरू होत. कचेरीतल्या एका कारकुनाची लांज्याला बदली झाली, म्हणजे देवळामागची जागा रिकामी होणार. शाळेत नवे मास्तर आलेत, बायको नाजूक आहे, त्यांना विहीर दाराशी हवी. बाजारातल्या दोघा भावांची चूल वेगळी झाली, आता मधे भिंत घालणार. मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि प्रत्येक बातमीला माझ्या पोटात थोडंसं दुखायचं. साऱ्या गावाला घरं मिळवून देणारा माझा नवरा, आणि आम्ही मात्र बंदराच्या रस्त्याला, सुक्या मासळीच्या वखारीमागे, दोन खोल्यांत भाड्यानं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे सगळं एकोणीसशे तीसच्या आसपासचं. तेव्हा निम्मी रत्नागिरी मुंबईला पोटामागे गेलेली, आणि मागे राहिलेल्या घरांच्या किल्ल्या आमच्या माजघरातल्या खुंट्यांवर. ह्यांचा एक नेम होता. विकायच्या घरात रोज तिन्हीसांजेला दिवा लागलाच पाहिजे. गिऱ्हाइकाला घर दाखवायचं तेही दिवेलागणीलाच. हे म्हणत, "दिवसा माणूस भिंतीचे पोपडे बघतो. दिवा लागला की घर बघतो." बंद घराला वाळवी आणि वाईट नाव दोन्ही लगेच लागतात. अंधारं घर दिसलं की लोक म्हणणार, काहीतरी असेल तिथे, म्हणून कोणी राहत नाही. मग ते घर फुकट दिलं तरी कोणी घेत नसे.

आणि हा दिवा लावायचा कोणी? मी. सारवायचं कोणी? मी. कोणाच्या गाई-म्हशी आणि कोणाला उठाबशी! चार घरं झाडून, सारवून, भिंतीतल्या देवळीत दिवा ठेवून मी परत यायची तेव्हा माझ्या स्वतःच्या चुलीत राख झालेली असायची.

त्यातलं एक घर मात्र मला जड गेलं नाही. भाट्याच्या खाडीवर, उतारावर, जांभ्या चिऱ्याचं लहानसं घर. मालक म्हातारे, मुलाकडे मुंबईला गेलेले. पुढे तुळस, मागे रहाटाची विहीर, कुंपणाला अबोली. घर बसकं, कौलारू नळ्यांचं, तीन खोल्यांचं. श्रीमंतीचं त्यात काही नव्हतं. पण ओटीवर उभं राहिलं की खाली खाडी, पलीकडे भाट्याचे माड, आणि खाडी ओलांडणाऱ्या तरीच्या होडीतून उतरणारी माणसं दिसायची. वखारीमागे राहणाऱ्या बाईला आणखी काय हवं? वासाशिवाय वारा असतो हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

दोन-तीन पावसाळे ती किल्ली माझ्याकडे होती. बाकीच्या घरांत मी दिवा ठेवून निघायची, इथे बसायची. दिवाळीआधी अंगण उकरून, पाणी मारून, चोपण्यानं चोपून मी असं केलं की त्यावर सांडलेलं तेल बोटानं उचलावं. तुळस वाळलेली होती, नवी लावली. मागचं दार आधी लावल्याशिवाय देवळीतला दिवा टिकत नाही, हे मला ठाऊक झालं. एकदा मी ह्यांना म्हटलं, "अहो, हे आपल्याला मिळालं तर?" हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आपल्या हातातलं नाय ता," एवढंच म्हणाले आणि पान लावायला बसले. मी पुन्हा विषय काढला नाही. पण मनातून ते घर माझंच होतं, आणि कोणी गिऱ्हाईक पाहून नको म्हणालं की मी तुळशीला जास्तीची प्रदक्षिणा घालायची.

मग ती आली.

ती म्हणजे माझी संगमेश्वरची बालमैत्रीण. एका आळीतल्या आम्ही, एका वयाच्या. लहानपणी मला गोधडीच्या चिंध्यांची बाहुली, तिला लाकडाची. मला रत्नागिरीचा नवरा, तिला मुंबईचा, महिन्याच्या पगाराचा, बूट घालणारा. तिच्याबद्दल माझ्या मनात काय होतं ते आडपडदा न ठेवता सांगते: मी तिच्यावर जळायची. प्रेमही होतं, नाही असं नाही, पण ते खाली आणि जळफळाट वर. शिमग्याला ती बोटीनं उतरली, आमच्याकडे आली, माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "काय गो, अजून हाताला शेणाचाच वास येतोय तुझ्या!" चेष्टाच होती. पण ती चेष्टा दोन दिवस माझ्या घशाखाली उतरली नाही.

तिच्या यजमानांना गावाकडे घर घ्यायचं होतं. ह्यांनी धंद्याप्रमाणे तिन्हीसांजेची वेळ धरली. मी नेमकी त्या घरात, वात सारखी करत होते. मागून पावलं वाजली, वळून पाहिलं तर दारात हे, तिचे यजमान आणि ती. ती ओटीवरच थबकली. अंगणाकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं, देवळीतल्या दिव्याकडे पाहिलं.

"अगो बाय," ती म्हणाली, "हे बंद घर कसलं? इथे कोणीतरी सुखानं राहतंय असं वाटतंय."

ते घर तिनं तिथेच घेतलं. मी सारवलं, मी चोपलं, मी उजळलं, आणि म्हणूनच ते विकलं गेलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण बीळ मीच इतकं झाडून ठेवलं होतं की नागोबाला तरी कसा दोष द्यावा? त्या रात्री हे नेहमीप्रमाणे बातम्या सांगायला बसले नाहीत. मीही विचारलं नाही.

घर घेतलं, पण राहणार कोण? चार दिवस राहून ती मुंबईला निघाली. जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली, "दिवा तेवढा लाव हो. नाहीतर असं कर, तुम्हीच का नाही राहत इथे? भाड्याचं बघू काहीतरी." तिला वाटलं ती उदारपणा करतेय. तिच्या घरात तिची भाडेकरू होऊन राहू मी? तिनं शिमग्याला यावं, आणि मी पदर खोचून तिच्या यजमानांच्या आंघोळीचं पाणी तापवावं? त्यापेक्षा मासळीचा वास बरा. "दिवा लावीन," मी म्हटलं. "राहणं नको."

आणि मी लावत राहिले. लोकांना कोण मालक, कोण दिवा लावणारी, याचा हिशेब राहत नाही. तरीवाला वाटसरूंना सांगायचा, त्या बायच्या घराकडून वर चढा. घर तिचं, पण नाव माझं झालं होतं, आणि मला ते गुळासारखं गोड लागत होतं.

पुढच्या खेपेला ती मे महिन्यात आली. मी तिला फणसाची भाजी घेऊन गेले होते. आम्ही दोघी ओटीवर बसलो होतो. तेवढ्यात मासेवाली आली. डोक्यावरची पाटी उतरवून तिनं नेहमीसारखी थेट माझ्यासमोर ठेवली.

"बाय, सौंदाळे ताजे हायत. घेतंस काय?" आणि मग मैत्रिणीकडे बघत तिनं मला विचारलं, "ही पावनी कोन गो तुजी?"

मी उत्तर द्यायला हवं होतं. ही मालकीण, मी नव्हे, असं म्हणायला दोन शब्द पुरले असते. ते दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. माझ्या मैत्रिणीचा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता, इतकी वर्षं तिच्याबद्दल विचार करताना मी तोच चेहरा करून बसायची. मुंबईत चाळीतल्या एका खोलीत राहायची ती, नळावर भांडून पाणी भरायची. घर तिचं असून ह्या ओटीवर पाहुणी तीच होती. मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. आली असेल तर फार उशिरा.

संध्याकाळी दिवा तिनं स्वतः लावला. विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. मागचं दार उघडं होतं. मी बघत राहिले, सांगितलं नाही.

निघताना तिनं किल्ली मागून घेतली. "असू दे माझ्याजवळ," म्हणाली, आणि कमरेला खोचून बोटीवर चढली.

त्यानंतर ते घर अंधारलं. आमच्या विहिरीवरून तो उतार दिसायचा. तिन्हीसांजेला मी घागर भरताना मान वर करायचीच नाही असं ठरवायची आणि करायची. पावसानं अंगण वाहून नेलं. नळे सरकले. तुळस गेली असणार हे न बघताही कळत होतं. तिला किल्ली नेऊन काय मिळालं? ते मला मिळत नाही, याचं सुख. ते सुख काय असतं ते मला कोणी शिकवायला नको.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी हे पाय धुऊन पडवीत बसले आणि कमरेची किल्ली काढून पुढे ठेवली. मी ती लांबूनच ओळखली.

"तुझ्या मैत्रिणीच्या यजमानांनी पार्ल्याला जागा घेतली," हे म्हणाले. "हितलं घर विकायचंय. बोटीनं येणाऱ्याच्या हाती किल्ली पाठवलीन. उद्यापासून दिवा लाव."

मी भाकरी उलटली. ती करपली तरी तव्यावरच ठेवली.

"सारवीन," मी म्हटलं. "अंगण करीन, तुळस लावीन. पण दिवा लावायची नाही."

"दिव्याबिगर घर कोण घेईल?"

"म्हणूनच."

धंद्याच्या बाबतीत ह्यांनी बापाचंही ऐकलं नसतं. मी मनात भांडणाची पूर्ण तयारी केली होती, साऱ्या वर्षांचे शब्द जिभेवर गोळा करून ठेवले होते. हे उठले. माजघरात किल्ल्यांच्या खुंट्यांची रांग होती, तिकडे गेले नाहीत. स्वयंपाकघरात आले, माझ्या मिठाच्या बरणीच्या वर भिंतीत एक खिळा होता, त्याला ती किल्ली अडकवली, आणि पाटावर जेवायला बसले. करपलेली भाकरी ह्यांनीच मागून घेतली.

मी दुपारी जायची आणि ऊन उतरायच्या आत परतायची. वर्षामागून वर्षं गेली. गावाच्या साऱ्या घरांच्या बातम्या हे सांगत राहिले, त्या एका घराची सोडून. मुंबईहून विचारणा व्हायची, गिऱ्हाईक लागलं का? हे दर वेळी एकच कळवत, त्या घराकडे कोणी फिरकत नाही.

खोटं नव्हतं ते. माझ्याशिवाय खरंच कोणी फिरकत नव्हतं.