मामंजी ॲम्प्लिफायर निवडतात

आमचे मामंजी कुठल्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवायचे. एकच, खणखणीत. मग मान तिरकी करून तिचा आवाज भिंतींवरून परत येईपर्यंत थांबायचे, आणि त्यानंतर 'राम राम'. मला पाहायला खामगावला आले तेव्हाही त्यांनी दारातच टाळी वाजवली. माझ्या वडिलांना वाटलं, नोकराला बोलावताहेत. ते स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन धावले. मामंजी छताकडे पाहत म्हणाले, "खोली फार घुमते तुमची. मुलीचा आवाज नीट कळणार नाही. तिला अंगणात बोलू द्या." अशा रीतीने माझं लग्न अंगणात ठरलं.

धाड या गावी सासरी आल्यावर कळलं की या माणसाला जगातला कोणताच आवाज पसंत नाही. देवळाची घंटा फुटकी, सनईवाला बेसूर, माझ्या बांगड्यांची किणकिण 'पत्र्यासारखी'. सासूबाई त्यांच्यासमोर ताटसुद्धा चोरासारख्या ठेवायच्या. तरुणपणी ते वकिली शिकायला नागपूरला गेले होते आणि ग्रामोफोन घेऊन परत आले होते. तेव्हापासून मोठेपणाचं काही सांगायचं असलं की ते पुस्तकी मराठीत बोलायचे आणि राग आला की, किंवा गावकऱ्यांशी, वऱ्हाडीत. घरातली माणसं त्यांची वऱ्हाडी ऐकूनच शहाणी झाली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून रेकॉर्ड कोरायचं जुनं यंत्र आणवलं. मलकापूरपर्यंत रेल्वेने, पुढे बैलगाडीने. लोखंडी धूड ते, बैठकीत ठेवलं तर फरशी तडकली. त्याला वीज लागत नसे. दोरीला टांगलेलं जड वजन हळूहळू खाली उतरायचं, त्याच्या ओढीने कोरी तबकडी फिरायची आणि वरची सुई तीत आवाज कोरायची. "रेकॉर्ड वाजवणारे गल्लोगल्ली आहेत," मामंजी म्हणाले, "कोरणारा अख्ख्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मी एकटा." फक्त एक गोष्ट त्याच्यासोबत आली नव्हती: ॲम्प्लिफायर. मायक्रोफोनमधून येणारा आवाज मुंगीएवढा, त्याच्या जोरावर सुई हलणार कशी? त्याला बळ देणारं दुसरं यंत्र हवं. "नांगर आला," मामंजी गावाला समजावून सांगत, "आता बैल पाहाचा हाय."

कोणाचा आवाज कोरायचा हे मात्र आधीपासून ठरलेलं होतं. करीमचाचा रंगारी हे मामंजींचे शाळासोबती. लुगडी, फेटे रंगवायचे आणि गायचे. उरुसात त्यांचं गाणं असायचं आणि आमच्या मारुतीच्या देवळात भजनालाही तेच पुढे. त्यांचा आवाज एवढाच काय तो मामंजी खोड न काढता ऐकायचे. "करम्या," ते म्हणत, "तुहा आवाज मी जगाले ऐकवीन." मग मनात येईल तेव्हा निरोप जायचा, आणि करीमचाचा रंगाची भट्टी विझवून, कोपरापर्यंत निळे हात घेऊन हजर व्हायचे.

पहिला ॲम्प्लिफायर खामगावच्या दुकानदाराने पाठवला. रेडिओतला, बॅटरीवर चालणारा. मामंजींनी माझ्या साऱ्या गोधड्या बैठकीच्या भिंतींवर टांगल्या, दारं-खिडक्या लावल्या. बाहेर वैशाख होता. करीमचाचा घामाघूम होऊन गायले. पण त्या ॲम्प्लिफायरात दमच नव्हता. गाणं झालं धाडला, तबकडीवर ऐकू आलं दूरच्या रोहिणखेड गावाहून आल्यासारखं. "हे वासरू हाय," मामंजी म्हणाले; तबकडी उकिरड्यावर गेली आणि वासरू खामगावला परत.

दुसरा सभेतल्या कर्ण्याचा. बुलढाण्याच्या एका मंडळाकडून मागून आणलेला. त्या दिवशी करीमचाचांबरोबर चाचीही आल्या होत्या, दारापाशी पदर सावरून बसल्या होत्या. गाणं झालं आणि मामंजींनी तबकडी वाजवली. आम्ही सगळे थक्क झालो. करीमचाचा समोर ओठ मिटून बसलेले, आणि त्यांचा तोच भरलेला, किंचित खरखरीत आवाज यंत्रातून येत होता. चाची एकदा यंत्राकडे बघायच्या, एकदा नवऱ्याकडे. सासूबाई कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई!"

मामंजींनी हात वर केला. "भुणभुण ऐकू येऊन राह्यली."

कोणालाच येत नव्हती. त्यांनी पुन्हा लावली. कान तबकडीला टेकतो की काय इतका खाली नेला. "हाय. गाण्याच्या खाली माशी बसली हाय."

"मालक," करीमचाचा म्हणाले, "आवाज तं माहाच हाय ना?"

"तुहाच हाय. पण जगाले असा नाई ऐकवाचा."

आणि मामंजींनी कोनाड्यातलं दाभण घेऊन त्या तबकडीवर आरपार रेघ ओढली. मग आणखी एक. त्या करकरीची मात्र त्यांनी काहीच खोड काढली नाही. करीमचाचा नुसते हसले आणि म्हणाले, "बरं, पुन्हा कधी." चाची उठल्या. रस्त्याने त्या नवऱ्याच्या पुढे चालत गेल्या, हे मी खिडकीतून पाहिलं. त्या गावात बायको नवऱ्याच्या पुढे चालत नसे.

तिसरा तंबूच्या सिनेमाचा. तंबूवाल्याला मामंजींनी जत्रेपुरतं आपलं शेत वापरू दिलं आणि बदल्यात त्याचं इंजिन आणि ॲम्प्लिफायर दोन्ही अंगणात आणवलं. हा बैल नव्हता, हत्ती होता. करीमचाचांनी पहिली तान घेतली आणि सुईमागचं तारेचं वेटोळं धूर सोडत जळालं. आधीच्या तबकड्या कोरताना निघालेला केसांसारखा, चटकन पेट घेणारा कीस खाली साचला होता, तो दिवाळीच्या फुलबाजीसारखा भडकला. तिथून आग मामंजींच्या धोतरावर गेली. करीमचाचांनी त्यांच्यावर गोधडी टाकून त्यांना जमिनीवर लोळवलं. गोधडीखालून आवाज आला, "जोर चांगला हाय बे याच्यात! फक्त आवरला पाह्यजे!"

वेटोळं नव्याने गुंडाळून घ्यायला मुंबईला गेलं आणि तिथेच पडून राहिलं. माझे यजमान आपल्या वडिलांना म्हणाले, "ते आलं की कर्ण्याचाच ॲम्प्लिफायर लावा. करीमचाचा खोकताहेत." मामंजी पुस्तकी मराठीत उत्तरले, "कलेत घाई चालत नाही." त्या पावसाळ्यात करीमचाचांना न्युमोनिया झाला. बुलढाण्याच्या डॉक्टरला आणायला मामंजींनी स्वतः बैलांची दमणी जुंपली, पण नदीला पूर होता. डॉक्टर पोचले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. मामंजींनी कबरीवर माती टाकली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुढे लढाई संपली आणि लष्कराच्या लिलावातला एक ॲम्प्लिफायर नागपूरहून आला. आधीच सांगून ठेवलेला होता. बेताच्या ताकदीचा, नितळ, सुईला जेवढं बळ हवं तेवढंच देणारा. मुंबईहून वेटोळंही आलं. मामंजींनी सगळं जोडलं, तपासलं आणि त्याच्यासमोर बसून राहिले. कोणी म्हणालं, शाळेतल्या मुलांचं गाणं घ्या. कोणी म्हणालं, सनईवाल्याला बोलवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

एका सकाळी ते टोपी घालून रंगाऱ्यांच्या गल्लीत गेले. आजवर त्या गल्लीत निरोप जायचा, मामंजी कधी जात नसत. चाचींना घेऊन आले, त्यांना मायक्रोफोनसमोर बसवलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. आम्हाला आत बोलावून त्यांनी तबकडी वाजवली. आधी त्यांचाच आवाज आला: "त्याची एखादी ओळ गुणगुण. कशीबी चालते." मग चाची: "मले गाता नाई येत, मालक. त्याईचं गाणं मले आवडत बी नोतं. भट्टीपाशी सकाळपासून चालू राहे. मी म्हणे, चूप बसा जरा. आता चूप हाय तं घर लय मोठं झालं." एवढ्यावर मामंजींनी सुई उचलली. "पुढे काही नाही," म्हणाले. चाचींनी विचारलं, "असा हाय का माहा आवाज?" आणि डोक्यावरून पदर ओढून घरी गेल्या.

मामंजींनी त्यानंतर एकही तबकडी कोरली नाही. दोन वर्षांनी तेही गेले. यंत्र लोखंडाच्या भावात गेलं, ॲम्प्लिफायर शाळेने नेला. तबकडी मी ठेवून घेतली, आणि त्यांच्या वर्षश्राद्धाला पाहुणे पांगल्यावर ग्रामोफोनवर लावली. यावेळी सुई उचलायला कोणी नव्हतं. चाचींचं बोलणं संपलं तरी तबकडी फिरत राहिली. मग मामंजी, अगदी हळू, वऱ्हाडीत: "त्याचा आवाज मीच घालवला, नाई?"

आणि चाची म्हणाल्या, "हाव. तुमीच."

ॲम्प्लिफायर खरंच उत्तम निवडला होता. अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू येतं.