माझ्या मुलीच्या जागी बसलेली

पंडरीच्या बाजारात कापड विकून मी मुलीला बी.एड.ला घातलं. तिला शाळेत शिकवायचं होतं. एकदा दुसऱ्याच कॉलेजात तपासणी पथक येणार म्हणून तिच्या अख्ख्या वर्गाला बसमध्ये भरून तिथे नेऊन बसवलं. पथकातल्या साहेबांनी कुणा भलत्याच मुलीचं नाव पुकारलं आणि माझ्या पोरीने "येस सर" म्हटलं.

हे ऐकून मी तडक तिच्या कॉलेजच्या संचालकाकडे गेलो. "पोट्टी शिकाले पाठवली मी, बाकं भराले नाही!"

तो हसला. "भाऊ, काहून तापून राहिले? आपल्या तपासणीले त्यांच्या पोट्ट्या येऊन बसतात न."

पुढे दोन्ही कॉलेजांची मान्यता गेली. मुलगी आता समता कॉलोनीतल्या दवाखान्यात पेशंटांचे नंबर लावते. उच्च शिक्षणावर आता एकच कडक मंडळ येणार म्हणे. येऊ द्या, तिची वर्षं ते परत देणार नाही.

मला मात्र दुसरंच छळतं. आमच्या कॉलेजात माझ्या मुलीच्या नावाला "येस सर" कोण म्हणालं? तिच्या वयाची कुणी दुकानात कापडाचा पोत बघत उभी राहिली, की मी तिच्या तोंडाकडे बघत राहतो आणि भाव सांगायचा राहून जातो.