आत्याबाईंचं पाळणाघर

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाईंचा या जगात कुणावरही विश्वास नव्हता. देवावर थोडाफार असावा, पण त्यालाही त्या हात जोडायच्या ते एक डोळा उघडा ठेवून. एसटीत बसल्या की "गाडी घोडेगावलाच जाती ना?" असं आधी कंडक्टरला, मग ड्रायव्हरला आणि शेवटी शेजारच्या प्रवाशाला विचारायच्या, आणि तिघांचं उत्तर एकच आलं की "आधीच ठरवलंय ह्यांनी" असं माझ्या कानात पुटपुटायच्या. महाळुंगे पडवळ गावची ही बाई यजमान गेल्यावर जुन्नरला आमच्याकडे आली. नव्वदच्या दशकात मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा माझा मुलगा तान्हा होता. त्याला सांभाळायला मी एक बाई शोधून आणली, तर आत्याबाईंनी तिला दारातूनच वाटेला लावलं. "लई गोड बोलती. मीच बघते त्याला." पुढे शाळेतल्या इतर जणीही आपली मुलं आणून सोडू लागल्या आणि आमच्या पुढच्या खोलीचं बघता बघता पाळणाघर झालं.

आता रीतसर नोंदणी करू, असं मी सुचवलं. कचेरीतल्या साहेबांना हा धंदा नवीनच होता. "पाळणे विकता का?" त्यांनी विचारलं. शिपाई अर्ज घेऊन आतल्या खोलीकडे निघाला, तशा आत्याबाई त्याच्या मागोमाग. "आत कशापायी नेतोस? हितंच मार शिक्का, माझ्यादेखत." मग कचेरीतून जागा बघायला एक गृहस्थ आले. मी शाळेत होते. आत्याबाईंनी त्यांचं ओळखपत्र खिडकीतून घेतलं, चेहऱ्याशी ताडून पाहिलं आणि "फोटूत मिशी हाय, तुमाला न्हाई" म्हणून परत केलं. बिचारे उन्हात ताटकळून निघून गेले. परवाना बुडाला, असं मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी मी घरी असताना ते पुन्हा आले, खोली पाहिली, आणि जाताना हळूच म्हणाले, "बाई, माझी पुतणी लहान आहे. तिला ठेवून घ्याल?"

आमच्याकडे एक नर्सबाई मुलीला सोडायच्या. नवऱ्याशी पटत नसल्यानं त्या वेगळ्या राहत. "माझ्याशिवाय कुणाच्याही हाती देऊ नका," एवढंच त्यांनी आत्याबाईंना बजावलं होतं. एका सुट्टीच्या दुपारी एक माणूस नवा फ्रॉक घेऊन दारात आला. "मी तिचा बाप," म्हणाला. आत्याबाईंनी कडी काढली नाही.

"बाप, तर सांग, पोरगी झोपताना काय धरून झोपती?"

तो म्हणाला, "लई दिस झालं, मावशी. आता न्हाई ठाऊक."

तो पायरीवर बसला आणि रडू लागला. गल्लीतली माणसं जमली. "द्या की राव लेकरू," कुणीतरी म्हणालं. आत्याबाईंनी मला खिडकीशी ढकललं. "बघ गं, खरंच रडतोय का नाटक करतोय?" खरंच रडतोय, असं मी सांगितल्यावर त्यांनी मुलीला उचलून खिडकीत बसवलं, गज मधे ठेवून. "हितनंच बघ. न्यायची न्हाई." मुलीनं अर्धं बिस्कीट गजांतून बाहेर काढलं. त्यानं ते हातात घेतलं, पण खाल्लं नाही.

संध्याकाळी आत्याबाईंनी नर्सबाईंना सगळं सांगितलं. मुलीला कडेवर घेऊन त्या म्हणाल्या, "खिडकीतून भेटू दे." मग तो दर बाजारच्या दिवशी येऊ लागला. पावसाळा सरता सरता नर्सबाईंनी होकार दिला आणि आत्याबाईंनी त्याच्यासाठी कडी काढली, पण स्वतः उंबऱ्यातच बसून राहिल्या. नवरा-बायको पुन्हा एकत्र आले नाहीत. मुलीला मात्र बाप मिळाला.

पुढे गावात भिंतींवर चित्रं रंगवलेल्या, गाडीनं मुलं ने-आण करणाऱ्या शाळा निघाल्या आणि आमची खोली रिकामी झाली. आत्याबाईंना दिसायचंही कमी झालं होतं. तरी संध्याकाळी त्या ओट्यावर बसायच्या आणि कुणी मूल कडेवर घेऊन चाललं की मला विचारायच्या, "ते पोर त्याचंच हाय का गं?"

"असेल की, आत्याबाई."

"असंल नगं. नीट बघ. गळ्यात हात टाकलाय का त्यानं?"

"टाकलाय."

"मग जाऊ दे," त्या म्हणायच्या, आणि ती पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत तिकडेच तोंड करून बसायच्या.